गव्हाची सोंगं

अल्जीरिया आणि मोरोक्को हे उत्तर आफ्रिकेतले सख्खे शेजारी. त्यांच्यातली जमिनीवरची सरहद्द १९९४ पासून बंद आहे. इतकं हाडवैर असलेल्या या दोन घरांची नावं डिसेंबर २०२० मध्ये मात्र एकाच कागदावर लागली. सोबतीला ट्युनिशिया आणि मॉरिटेनिया होते. युनेस्कोनं मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवलेला तो कागद कुसकुसचा होता.

हा समेट काही सुखासुखी झाला नाही. २०१६ मध्ये अल्जीरियानं एकट्यानंच कुसकुसवर नाव लावायचा घाट घातला, तेव्हा मोरोक्कोनं भांडण काढलं. आमच्या आजीच्या परातीतली वस्तू तुमची कशी, असा एकंदर सूर होता. शेवटी सगळ्यांनी मिळून अर्ज केला, तो मंजूर झाला, अभिनंदनं झाली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियानं मोरोक्कोशी राजनैतिक संबंधच तोडून टाकले. आता दोघांचे राजदूत एकमेकांकडे नाहीत, पण सामाईक सातबारा आहे. कोकणातल्या आमराईचा अनुभव असलेल्या कोणालाही यात नवल वाटू नये.

ज्याच्यासाठी एवढं घडलं तो कुसकुस पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत क्विनोआ आणि ओट्स यांच्यामध्ये अंग चोरून उभा असतो. गिऱ्हाईक पाकीट उलटंसुलटं करून बघतं. राळे म्हणावेत तर फार पिवळा, रवा म्हणावा तर फार गोल, भगर म्हणावी तर फार महाग. दुकानातला मुलगा ठामपणे सांगतो, “मॅडम, हे मिलेट आहे. डाएटसाठी एकदम बेस्ट.” मॅडम पाकीट टोपलीत टाकतात. घरी आल्यावर बारीक अक्षरात छापलेलं वाचून दाखवायला नातू असतोच: “आजी, यात नुसता गहू आहे गं.”

नातवाचं खरं आहे. कुसकुस नावाचं धान्य कुठल्याही शेतात उगवत नाही. कडक, काचेसारख्या दाण्याच्या ड्युरम गव्हाचा रवा काढायचा, त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, वरून थोडं पीठ भुरभुरायचं आणि मोठ्या परातीत तळहातानं गोल गोल फिरवत राहायचं, की रव्याचे बारीक मणी वळले जातात. मग लहानमोठ्या भोकांच्या चाळण्यांतून त्यांची प्रतवारी होते, ते वाफवले जातात आणि उन्हात वाळवून वर्षाची बेगमी म्हणून भरून ठेवले जातात. ड्युरम म्हटल्यावर परका वाटणारा हा गहू महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जातो. म्हणजे बन्सी रवा विकणाऱ्या किराणा दुकानात कच्चा माल कायमच हजर असतो, फक्त तो कुसकुस व्हायचं कोणी सुचवलेलं नाही.

आणि वळायचं म्हणाल तर मराठी बायकांना ते शिकवायची गरजच नाही. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या, फणुल्या हा सगळा वळवटाचा खटाटोप दुसरं काय आहे? रव्याची नाहीतर कणकेची घट्ट गोळी चिमटीत धरून तांदळाएवढे गव्हले वळत बसायचं, नखावर दाबून नखुल्या करायच्या, फणीवरून ओढून फणुल्या काढायच्या. लग्नघरात मुहूर्त करायचा तो हळकुंड फोडून आणि गव्हले वळून. रुखवतात ते ताटभर मांडले जातात आणि पाहुण्या बायका चष्मा वर करून तपासतात, एकसारखे आहेत की नाही. मगरिबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या त्या पट्ट्यातही, बायका जमून कुसकुस वळतात, गाणी म्हणतात, आणि गैरहजर नातेवाइकांचा विषय निघत नसेल असं मानायला काही कारण दिसत नाही. युनेस्कोच्या नोंदीत या हातांच्या कौशल्याला, गाण्यांना, भांड्यांना मान आहे. आपल्याकडे गव्हल्यांची खीर नैवेद्याला होते आणि “यंदा विकतचेच आणले” हे वाक्य जरा आवाज उतरवून म्हटलं जातं.

शिजवायची तऱ्हा मात्र खास त्यांची. कुसकुससाठी दुमजली भांडं असतं. खालच्या मजल्यावर मटण, हरभरे, गाजर, भोपळा यांचा रस्सा रटरटत असतो आणि वरच्या भोकाभोकांच्या मजल्यावर कुसकुस त्या वाफेवर शिजत असतो. दोन मजल्यांच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून तिथं पिठात बुडवलेल्या कापडाची पट्टी गुंडाळतात. वर झाकण नको, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून सगळा लगदा होतो. एकदा वाफवून भागत नाही. दाणे परातीत ओतायचे, पाण्याचा हबका मारायचा, तेला-तुपाचा हात लावून गुठळ्या मोडायच्या आणि पुन्हा वर चढवायचे. असं दोनदा, शक्यतो तीनदा. मोदकपात्र बाळगणाऱ्या घराला यातलं काहीच अवघड नाही. चाळणीत पातळ कापड घातलं आणि खाली पाण्याऐवजी रस्सा ठेवला की झालं. फक्त त्याच पात्रात पुढच्या चतुर्थीला मोदक करायचे असतील तर मटणाचा बेत घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून ठरवावा.

मोरोक्कोत शुक्रवारच्या नमाजानंतर घरोघर कुसकुस असतो. एकच मोठं ताट, मधे मटण, वर सात भाज्या, भोवती माणसं. प्रत्येकानं आपल्या समोरच्या भागातूनच खायचं, पलीकडच्या भोपळ्यावर डोळा ठेवायचा नाही, आणि उजव्या हातात दाण्यांचा छोटा गोळा वळून तो तोंडात टाकायचा. परदेशी पाहुण्याचा गोळा हमखास फुटतो, म्हणून त्याला दयाबुद्धीनं चमचा देतात. सोबत ताक. एवढा गहू आणि वर ताक पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं हे जगात कोणी कोणाला समजावून सांगायला नको. मोरोक्कोत शुक्रवारच्या दुपारी महत्त्वाचं काम काढू नये, एवढं प्रवाशांनी ध्यानात ठेवलं तरी पुरे.

याच मोरोक्कोतल्या तांजाहून निघालेला इब्न बतूता चौदाव्या शतकात फिरत फिरत महाराष्ट्रात आला होता. दौलताबाद पाहिलं, नंदुरबारलाही गेला आणि तिथल्या मराठ्यांच्या आहाराची नोंद करून गेला: भात, भाज्या आणि तिळाचं तेल. त्यात कुसकुस नाही. त्या गृहस्थाची शुक्रवारची दुपार नंदुरबारात कशी गेली असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढं १३५२ च्या सुमारास तो मालीच्या प्रवासाला गेला, तेव्हा तिथं फोनिओ नावाच्या मोहरीएवढ्या बारीक धान्याचा कुसकुस करतात असं त्यानं लिहून ठेवलं. गव्हाला पर्याय शोधण्याचा उद्योग आरोग्यवाल्यांनी सुरू केलेला नाही, याचा हा साडेसहाशे वर्षांपूर्वीचा पुरावा. सेनेगलमध्ये आजही बाजरीचा कुसकुस होतो, आणि ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांबरोबर पोचलेला कुसकुस तिथं मक्याचा झाला. तो इतका बदलला की मोरोक्कोच्या माणसाला दाखवला तर तो ओळख द्यायलाही तयार होणार नाही.

फ्रान्समध्ये तर कुसकुस थेट राजकारणात उतरला. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरियाँ फिलिपो हे स्ट्रासबुर्गच्या एका कुसकुस मिळणाऱ्या हॉटेलात जेवायला बसले आणि सोबतच्या मंडळींनी तो फोटो ट्विटरवर टाकला. यात आक्षेपार्ह काय? तर फिलिपो हे फ्रों नास्योनाल या स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाचे उपाध्यक्ष होते. समर्थक खवळले. स्ट्रासबुर्गला जाऊन तिथली आंबवलेली कोबी सोडून कुसकुस? देशप्रेम ते कुठं राहिलं? काही दिवसांतच फिलिपोंनी पक्ष सोडला. त्याची खरी कारणं पक्षाध्यक्ष मारीन ल पेन यांच्याशी झालेल्या वादात होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कुसकुसच. हा पक्ष मुंबईत असता तर वडापावातल्या पावावरून किती उपाध्यक्ष गेले असते, कोण जाणे.

फ्रान्सच्याच अब्देललतीफ केशिश या दिग्दर्शकानं २००७ मध्ये ‘ला ग्रेन ए ल म्यूले’ हा चित्रपट काढला. सेत बंदरातला एक म्हातारा कामगार जुन्या बोटीवर कुसकुसचं हॉटेल काढतो. उद्घाटनाच्या रात्री गावातले बडे लोक येऊन बसलेत, रस्सा तयार, मासे तयार, आणि कुसकुसचं पातेलं मात्र मुलाच्या मोटारीत राहिलेलं. मुलगा आपलं एक प्रेमप्रकरण उघडं पडू नये म्हणून मोटार घेऊन पसार झालेला. पाहुणे भुकेनं चुळबुळ करतात, म्हणून शेवटी घरातली तरुण मुलगी नाचायला उभी राहते. हा चित्रपट गंभीर आहे, त्याला सेझार पुरस्कारही मिळाला. पण ज्यानं कधी लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघत मिठाच्या ढिगाकडे एकटक पाहिलं आहे, त्याला त्यातली वेळ काढण्याची धडपड फार जवळची वाटते.

आता पाकिटातल्या कुसकुसविषयी. हा आधीच वाफवून पुन्हा वाळवलेला असतो. वाटीभर कुसकुस, वाटी-सव्वा वाटी उकळतं पाणी, वर झाकण, पाच मिनिटं, मग काट्यानं मोकळा करायचा. संपलं. अमेरिकेच्या पॉला वोल्फर्ट यांनी १९७३ साली मोरोक्कोच्या स्वयंपाकावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि कुसकुस नीट वाफवूनच करावा असा आग्रह धरला. त्यांचं बरोबर आहे. तीनदा वाफवलेला कुसकुस फुलतो, हलका होतो, पोटात गेल्यावर जड होत नाही. पण मंगळवारी रात्री साडेआठला ऑफिसातून परतलेल्या माणसापुढं हा मुद्दा मांडू नये. पाच मिनिटांचा कुसकुस ही वाईट वस्तू नाही, फक्त तिला वारसा म्हणू नये.

मराठी घरात पाकीट फुटलं की पहिला विचार उपम्याचा येतो. फोडणी, कढीपत्ता, मिरच्या, मटार, आणि मग रव्याच्या सवयीनं एकाला अडीच वाट्या पाणी. इथं घात होतो. कच्चा रवा ते पाणी पिऊन फुलतो. आधीच शिजलेला कुसकुस ते पाणी बघून हातपाय गाळतो. कढईत जे उरतं त्याला कोणी उपमा म्हणत नाही, कुसकुस तर नाहीच नाही, आणि तरी घरातला एखादा शहाणा म्हणतोच, “आपला सांजा काय वाईट होता?”

गव्हाच्या या सगळ्या सोंगांमध्ये अदलाबदल करायची असेल तर एकच प्रश्न विचारायचा असतो: हा दाणा आपल्या घरी यायच्या आधी एकदा शिजून आलाय की कोराच आहे? बाकी सगळं आपोआप कळतं. पण पाकिटावर नेमकं हेच सोडून बाकी सगळं छापलेलं असतं.

दलिया आणि बल्गूर यांची गफलत त्यातूनच होते. दिसायला दोघे जुळे भाऊ. दलिया म्हणजे कच्चा गहू भरडून काढलेला लापशी रवा. त्याला तूप दाखवून खमंग भाजावं लागतं, मग तिप्पट पाणी घालून कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या. बल्गूर म्हणजे गहू आधी अख्खा उकडून, वाळवून, मग फोडलेला. तुर्कस्तानच्या खेड्यांत मोठ्या कढईत गहू उकडायचा आणि धाब्यावर पसरून वाळवायचा, ही जुनी पद्धत. म्हणून बारीक बल्गूर नुसता भिजवला तरी खाता येतो आणि लेबनॉनच्या तबुले या पदार्थात तो लिंबाच्या रसावर, टोमॅटोच्या पाण्यावर मऊ होतो. तबुलेची कृती वाचून बल्गूरऐवजी दलिया भिजत घालणाऱ्याला पाहुण्यांच्या तोंडून कचकच असा आवाज ऐकू येतो आणि पाहुणे सभ्य असतील तर “क्रंची आहे” असं म्हणतात. उलट बल्गूरची लापशी केली तर ती मिळून येत नाही. गूळ एकीकडे, दाणा दुसरीकडे. जाडा बल्गूर मसालेभाताच्या वाटेनं न्यावा, दुप्पट पाणी आणि पंधरा मिनिटं. तोंडली घालून करून बघावा, तुर्की माणूस काही बघायला येत नाही.

तबुलेचा विषय निघालाच आहे तर, लेबनॉनी माणसाच्या मते ती मुळात पार्स्लीची कोशिंबीर आहे आणि गहू त्यात तोंडी लावण्यापुरता. फ्रान्सच्या दुकानांत याच नावानं जे डबे मिळतात त्यांत कुसकुसचा ढीग आणि पार्स्लीची चार पानं असतात. फ्रेंच लोक ते उन्हाळ्यात आवडीनं खातात. लेबनॉनी लोक ते बघून काय म्हणतात ते कौटुंबिक मासिकात छापता येणार नाही.

इस्रायलनं तर पर्यायालाच पदार्थ केला. १९५० च्या दशकात देशात टंचाईचे दिवस होते, तांदूळ मिळेना. पंतप्रधान बेन-गुरियन यांनी ओसेम कंपनीला सांगितलं, गव्हापासून तांदळाला काहीतरी पर्याय काढा. कंपनीनं पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे पाडले, भट्टीत खरपूस केले, आणि लोकांनी त्याला ‘बेन-गुरियनचा तांदूळ’ हे नाव ठेवलं. पुढं गोल मणी आले आणि तेच आज ‘इस्रायली कुसकुस’ या नावानं जगभरच्या महागड्या हॉटेलांत सॅलडमध्ये विराजमान आहेत. प्रत्यक्षात हा पास्ता आहे, कुसकुस नव्हे. पॅलेस्टिनी घरांत बल्गूरच्या दाण्याभोवती पीठ वळून केला जाणारा मफ्तूल त्याहून पुष्कळ जुना. पण मराठी वाचकाला खरी गंमत वाटावी ती पहिल्या आकाराची. कणकेचा तांदूळ! पंतप्रधानांनी कंपनीऐवजी सदाशिव पेठेत पत्र पाठवलं असतं तर गव्हले आयतेच तयार होते, फक्त देशभर पुरवायला आत्या कमी पडल्या असत्या.

तांदूळ नाही म्हणून गहू, हा प्रयोग भारतानंही केला आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची चणचण पडली तेव्हा आपल्याकडे रव्याची इडली जन्माला आली, असं बंगळूरची मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, सांगते. टंचाई संपली, युद्ध संपलं, इडली राहिली. आता उलटा घोळ आहे: ‘इडली रवा’ म्हणून जे पाकीट मिळतं ते तांदळाचं असतं. नव्या सुनेनं त्याचा शिरा केल्याच्या कथा दर दुसऱ्या घरात आहेत.

अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांनी शिऱ्यासाठी वेगळा मार्ग काढला. भारतीय किराणा जवळ नव्हता त्या काळात त्यांना ‘क्रीम ऑफ व्हीट’ सापडलं. १८९३ साली नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या गिरणीत तयार झालेला हा गव्हाचा रवा अमेरिकन लोक सकाळी दुधात शिजवून खातात. मराठी मंडळींनी त्याला तुपात भाजून सव्वाच्या मापानं सत्यनारायणापुढं ठेवला, आणि देवानंही नैवेद्य परत पाठवल्याचं ऐकिवात नाही. याच मंडळींची पुढची पिढी आता इटालियन दुकानातून ‘फार्रो’ आणते, त्याचं सॅलड करते आणि फोटो सांगलीच्या आजोळी पाठवते. तिकडून आजी विचारते, “खपली कशी किलो मिळाली?” आजीचं बरोबर असतं. टस्कनीत मिरवला जाणारा फार्रो आणि सांगली-कोल्हापूरकडची खपली ही गव्हाची एकच जात. तिकडं त्याला ऑलिव्हचं तेल लागतं आणि इकडं गूळ, खोबरं, खसखस. इकडची खीर सरस आहे हे इथं निःपक्षपातीपणानं नमूद करायला हवं.

फ्रीकेची गोष्टही तशीच. सीरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त या भागांत गहू हिरवा असतानाच कापतात, पेंढ्यांना आग लावतात, काड जळून जातं आणि ओलसर दाणा धुरकट होऊन शिल्लक राहतो. तो चोळून, वाळवून ठेवतात. इजिप्तमध्ये कबुतरात भरून शिजवतात. इकडं गव्हाच्या ओंब्या शेकोटीवर भाजून तळहातावर चोळायच्या, फुंकर मारायची आणि तिथंच बांधावर संपवायच्या. शेतकऱ्यानं ओंब्या वाळवून पाकिटात घालायचा विचार केला नाही, कारण त्या तेवढ्या उरतच नाहीत.

कौतुक झालं, आता दोन कोरड्या गोष्टी. पाकिटातला साधा कुसकुस रव्यापासून केलेला असतो, कोंड्यासकट अख्ख्या गव्हाचा नव्हे. तंतूंच्या हिशेबात स्वस्तातला दलिया त्याच्या पुढं आहे. आणि कुसकुस, बल्गूर, फ्रीके, दलिया, खपली या सगळ्यांत ग्लूटेन असतं. खपली जुनी आहे, देशी आहे, पचायला बरी वाटते, म्हणून ग्लूटेनमुक्त होत नाही. ज्यांना सीलिअॅकचा त्रास आहे त्यांनी यातल्या कशाच्याही वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या, राळे आणि भगर आहेत, आणि मोकळी शिजवलेली भगर कुसकुसच्या रस्श्याबरोबर खरोखरच छान लागते.

त्याच्या उलट मात्र करू नका. शिजलेला कुसकुस ताटात भगरीसारखा दिसतो, दाण्याच्या कुटाच्या आमटीशीही जुळतो, पण एकादशीला तो चालत नाही.